ठेवू नका, बोलावतो

मी व्यंकटरावांच्या डाळ मिलमधला टेलिफोन बोलतोय. तुम्ही म्हणाल, टेलिफोन बोलतोय यात नवल ते काय, त्याचं कामच ते. पण जन्मभर माझ्यातून दुसरेच बोलले आणि मी मुकाट ऐकत आलो. आज पहिल्यांदा मला माझं स्वतःचं काही सांगायचं आहे, तेही तार तोडल्यानंतर. तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यातला. काळं जाड अंग, पोटावर आकड्यांची चकती, डोक्यावर आडवा रिसिव्हर. लातूरच्या टेलिफोन कचेरीत बरेच दिवस धूळ खाऊन मग मी जळकोटला आलो. व्यंकटरावांची तुरीच्या डाळीची मिल तेव्हा गावाबाहेर होती. त्यांनी माझ्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. मी आलो त्या दिवशी त्यांनी मला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या चकतीला बारीकसं कुलूप ठोकलं. इतका मान देऊन लगेच इतका अविश्वास दाखवणं माणसांनाच जमतं.

कुलपाची किल्ली असायची माणिकप्पांच्या करदोड्याला. माणिकप्पा म्हणजे मिलचे दिवाणजी. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात खादीची बंडी, बोलणं निम्मं मराठी नि निम्मं कानडी. हैदराबादच्या अडत्याला भाव विचारताना ते इतके ओरडायचे, की हैदराबादला माझ्याशिवायही ऐकू जावं.

त्या भागात दुसरा फोन नव्हता. त्यामुळं पुण्यात कामाला गेलेला मुलगा असो, नाहीतर सैन्यातला जवान, त्यांचे फोन माझ्यावरच यायचे. कुणाचा फोन आला की माणिकप्पांचं ठरलेलं उत्तर असायचं, "ठिवू नगा. बलावतो." मग ते रिसिव्हर नमुन्याच्या डाळीच्या ताटलीत उताणा ठेवायचे, वहाणा चढवायचे आणि त्या माणसाला घरून बोलवून आणायचे. तोवर पलीकडचा माणूस मिलचा आवाज ऐकत थांबायचा. पट्ट्याची घरघर, डाळ निवडणाऱ्या बायांचं बोलणं, दूर कुठं बैलांच्या घुंगरांचा आवाज. कित्येकांना तेवढ्यानंच गावी आल्यासारखं वाटायचं. व्यंकटराव एकदा म्हणाले, अहो, फोन ठेवा की, परत करील तो. त्यावर माणिकप्पा म्हणाले, माणूस दारात उभा असताना दार लावून घेऊन कसं चालेल?

पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि माझी आठवण कुणाला राहिली नाही. चकतीचं कुलूप गंजलं, ते एका दिवाळीत काढून फेकलं. व्यंकटरावांचा मुलगा लातूरहून कारभार बघायला लागला. हा डबा कशाला ठेवलाय, म्हणायचा. माणिकप्पांनी मला जाऊ दिलं नाही. रोज सकाळी ते मला फडक्यानं पुसत, रिसिव्हर कानाला लावून टोन येतोय का बघत, आणि "जिता हाय" म्हणून खाली ठेवत. मी त्यांचा ऋणी आहे. तेवढ्यासाठी तरी मला त्यांच्याबद्दल नीट सांगायला हवं.

ते दोघं आत शिरले तेव्हा सकाळ होती. बाया नुकत्याच डाळ निवडायला येऊन बसल्या होत्या. एका मोठ्या शहरात बॉम्बस्फोट करून ही माणसं पळाली होती. नाकाबंदीतून निसटताना एकाच्या मांडीत गोळी लागली होती. त्यांच्या संघटनेचं नाव मी घेणार नाही. ते गाजावं म्हणूनच त्यांनी माणसं मारली होती. मी त्यांना मोठा आणि धाकटा म्हणतो. मोठ्याकडं लांब बंदूक होती. त्यानं बायांना गोदामात कोंडलं, माणिकप्पांना ऑफिसात माझ्याजवळ बसवलं आणि फाटक आतून लावून घेतलं.

बघता बघता बाहेर पोलिसांचा वेढा पडला. मोबाइलचे टॉवर बंद केले गेले आणि सगळ्यांचे खिशातले फोन मुके झाले. मिलच्या भिंतीवर फार वर्षांपूर्वी रंगवलेला माझा नंबर अजून वाचता येत होता. तो कुणीतरी वाचला. किती काळानं मी असा खणखणलो म्हणून सांगू! मोठा तर दचकून दोन पावलं मागं सरला.

पलीकडून आवाज आला तो धम्मानंद वाघमारे यांचा. हे पोलीस उपअधीक्षक, नांदेडहून आलेले. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि म्हणाले, सरकारच्या वतीनं तुमच्याशी बोलायचं काम माझ्याकडं आहे. मोठ्यानं आपल्या मागण्या सांगितल्या. त्यांचा म्होरक्या तुरुंगात होता, त्याला सोडायचं. सीमेपलीकडं जायला गाडी द्यायची. नाहीतर आतली माणसं मरतील.

मी आयुष्यभर सौदे ऐकलेत. तुरीचे ऐकले, लग्नांचे ऐकले. पण धम्मानंद साहेबांसारखं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. ते घाई करत नव्हते आणि पोकळ वचनंही देत नव्हते. म्होरक्याला सोडणं माझ्या हातात नाही, ते मुंबईला विचारावं लागेल, असं ते सरळ सांगायचे. पाणी माझ्या हातात आहे, ते आत्ता पाठवतो, म्हणायचे, आणि पाठवायचे. साहेब जवळच्या मंगल कार्यालयात बसले होते. त्यांच्यामागं तिथल्या खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायचे आणि सरकारचे निरनिराळे आवाज कुजबुजायचे. एक म्हणायचा, लांबवा. दुसरा म्हणायचा, आटपा. साहेब दोन्ही ऐकायचे आणि मोठ्याशी मात्र एकाच सुरात बोलायचे.

दुपारी त्यांनी विचारलं, आतली सगळी माणसं बरी आहेत का, बायांची नावं घरच्यांनी दिलीत, मला एकेकीचा आवाज ऐकवा. मोठा माणिकप्पांना म्हणाला, बोलाव एकेकीला. माणिकप्पांनी रिसिव्हर घेतला, म्हणाले, "सायेब, ठिवू नगा. बलावतो," आणि नेहमीसारखा मला ताटलीत उताणा ठेवून गोदामाकडं गेले.

तेवढ्यात धाकटा ओरडला. जखम फार ठणकत होती, अंगात ताप भरला होता. मोठा त्याच्याकडं धावला, दोघांची बाचाबाची सुरू झाली. गोदामात बाया तहानेनं रडायला लागल्या, म्हणून माणिकप्पांना त्यांच्यासाठी पाणी आणायला पिटाळलं. माझा सगळ्यांना विसर पडला. मी उघडा पडलेला. जे बोललं जात होतं ते सगळं तारेवरून पलीकडं जात होतं, आणि मला ते अडवता येत नव्हतं.

धाकटा रडत होता, आपण हात वर करून बाहेर जाऊ, म्हणत होता. मोठा त्याला म्हणाला, मी या खिडकीजवळून हलत नाही, फाटक इथून दिसतं. बाया गोदामात आहेत तोवर ते आत येणार नाहीत. मुंबईचं उत्तर आलं नाही तर आधी म्हातारा.

आता पलीकडच्यांना सगळं कळलं होतं. कोण कुठं बसलंय, कोण कच्चं आहे, कोण पहिल्यांदा मरणार आहे. पलीकडं कुणीतरी हळूच म्हणालं, जवानांची तुकडी तयार ठेवा, खिडकीतूनच जायचं. आणि नेमकं तेव्हाच मोठ्याचं लक्ष माझ्याकडं गेलं.

तो जवळ आला. ताटलीतला रिसिव्हर उचलून त्यानं कानाला लावला. पलीकडं एकदम शांत झालं. पण माणसांनी भरलेल्या खोलीची शांतता लपत नाही.

"कधीपासून ऐकताय?" मोठा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी जास्त घाबरलो. "तुमच्या म्हाताऱ्यानं मुद्दाम उघडा ठेवला हा. त्याचं मी आत्ताच बघतो. तेही ऐका."

माणिकप्पा तिकडं गोदामात, डाळ निवडणाऱ्या बायांपैकी रेणुकाबाईंच्या ओंजळीत पाणी ओतत होते. आपल्याबद्दल इकडं काय ठरलंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, नाही म्हणा, लाइन खराब होती म्हणून सांगा. दुसरा म्हणाला, कबूल केलं तर तो जागा बदलेल, आपली सगळी तयारी वाया जाईल. धम्मानंद साहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या एका श्वासात त्यांना काय काय तोलावं लागलं असेल, ते मला आजही कळत नाही.

"ऐकत होतो," ते म्हणाले. "तुमचा जोडीदार रडला, तेही ऐकलं. पण म्हाताऱ्यानं मुद्दाम नाही केलं. आमच्याकडची ती रीत आहे."

मग त्यांनी त्याला आपल्या आईची गोष्ट सांगितली. ते अर्धापूरकडचे. वडील केळीच्या मळ्यात रोजानं जायचे. धम्मानंद नांदेडला वसतिगृहात राहून शिकत होते, तेव्हा आईशी बोलायला गावातल्या किराणा दुकानात फोन करायचे. दुकानदार रिसिव्हर साखरेच्या पोत्यावर ठेवायचा आणि ओट्यावरूनच वस्तीकडं हाक मारायचा. आई येईपर्यंत ते दुकानातलं सगळं ऐकत उभे राहायचे. आमच्याकडं कुणी फोन ठेवत नाही हो, ते म्हणाले, त्या म्हाताऱ्याच्या हाताला तेवढंच माहीत आहे.

मोठा म्हणाला, गोष्टी सांगू नका.

"मग बघा," साहेब म्हणाले. "त्यांना काही बोलू नका. नुसतं सांगा, रेणुकाबाईला फोन आहे, बोलवा. मुद्दाम केलं असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत माणूस दुसऱ्यांदा करणार नाही."

मोठ्यानं बंदूक हातात धरली आणि माणिकप्पांना हाक मारली. ते धोतराला हात पुसत आले. त्यांनी रिसिव्हर घेतला, "हां सायेब" म्हणाले. माझ्या वायरीला पीळ पडला होता. तो सोडवायला त्यांनी रिसिव्हर क्षणभर माझ्या डोक्याजवळ आणला. तिथं तो टेकला असता तर लाइन कटली असती, आणि मोठ्याला हवा होता तो पुरावा मिळाला असता. मला हात असते तर मी त्यांचा हात धरला असता. माझ्या उभ्या जन्मात मी इतका कधी भ्यालो नाही.

पीळ सुटला. माणिकप्पांनी मला ताटलीत उताणा ठेवलं आणि तोंड जवळ आणून म्हणाले, "ठिवू नगा सायेब. बलावतो." आणि गेले.

मोठा त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. मग त्यानं बंदूक खाली केली.

त्यानंतर साहेब आणि मोठा या दोघांचं बोलणं बदललं. सगळं सांगून झाल्यावर लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून असेल. संध्याकाळ व्हायच्या आत मोठ्यानं रेणुकाबाई वगळता बाकी बायांना सोडलं. त्यांनीच धाकट्याला बाजेवर घालून बाहेर नेलं. त्याला आधी दवाखान्यात आणि मग तुरुंगात नेलं. साहेबांनी म्हटलं तसंच झालं, कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं नाही. आत राहिले माणिकप्पा आणि रेणुकाबाई. पण मोठा आता खिडकीजवळ बसत नव्हता. तो गोदामाच्या बोळात, पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बसला. त्या दोघांना मात्र त्यानं ऑफिसात, माझ्या टेबलापाशी बसवलं. तो हलणार हे साहेबांनी वरिष्ठांना सांगितलं होतं. कुठं बसेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईचं उत्तर आलं. म्होरक्याला सोडणार नाही. हे मोठ्याला गोल गोल करून सांगा, असा वरून निरोप होता. साहेबांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले, तुम्ही बाहेर या. मी स्वतः फाटकात उभा राहतो. तुमच्या जिवाची जबाबदारी माझी. खरं सांगतो, तो येईल असं मला वाटलं होतं. मग त्यानं रिसिव्हर टेबलावर पालथा आपटला, बोळात जाऊन बंदूक उचलली आणि माणिकप्पांचं नाव घेऊन हाक मारली.

त्याच वेळी खिडकी फुटली. पहिला आत आला तो सत्यम नावाचा जवान, देगलूरकडचा. त्याची नजर खिडकीजवळच्या जागेकडं गेली. तिथं कुणी नव्हतं. समोर रेणुकाबाई ताठ उभ्या होत्या, भीतीनं त्यांचे पाय जमिनीत रुतले होते. सत्यमनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना काहीतरी म्हणाला आणि माझ्या टेबलाखाली दाबून बसवलं. बोळातून गोळी आली ती तेव्हाच. मागून आलेल्या जवानांनी मग मोठ्याला पाडलं.

सत्यम काय बोलला ते मी ऐकलं, माणिकप्पांनी ऐकलं. रेणुकाबाईंना फक्त पाठीवरचा हात आठवतो. पलीकडं धम्मानंद साहेबांना पालथ्या रिसिव्हरमधून नुसता गोंधळ ऐकू आला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, कुणीतरी बोला. शेवटी माणिकप्पांनी मला उचललं.

"सायेब, आमी दोघं हाव," ते म्हणाले. "पोरगं गेलं."

मग माझी तार तोडली. मला पोत्यात घातलं, लाखेनं सील केलं, गळ्यात चिठ्ठी बांधली. तेव्हापासून मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. शेजारी गावठी कट्टे, दारूचे कॅन, कुणाच्या तरी अपघातातलं वाकलेलं हँडल. टोन येतोय का बघायला रोज कुणी येत नाही. आधी वाईट वाटायचं, आता सवय झाली.

धाकट्याचा खटला लातूरच्या कोर्टात उभा राहिला, तेव्हा मलाही नेलं. साहेब साक्षीला आले होते. त्यांच्यावर चौकशी बसली होती, बिनकामाच्या जागी बदली झाली होती. वकिलानं विचारलं, तुम्ही ऐकताय हे तुम्ही अतिरेक्याला सांगितलं? ते म्हणाले, हो. त्यामुळं तो जागा बदलेल हे ठाऊक होतं? हो. मग का सांगितलं? साहेब म्हणाले, त्या क्षणी एका माणसाला वाचवायला माझ्याकडं खऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. पुढं कोण जाईल हे मला दिसत नव्हतं. दिसलं असतं तर काय केलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारतो.

मी त्या प्रश्नात पडत नाही. माणिकप्पा जगले याचा मला आनंद आहे, आणि सत्यम गेला याचं मला दुःख आहे. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं भरून निघत नाही.

साक्ष झाल्यावर हवालदारानं माझं पोतं व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं. बाकाच्या एका टोकाला सत्यमची आई बसली होती, पार्वतीबाई. माणिकप्पा लांब खांबाजवळ उभे होते. बऱ्याच वेळानं ते आले. बसले नाहीत. म्हणाले, मी तो मिलमधला. तुमच्याकडं यायला दोनदा देगलूरच्या एसटीत बसलो आणि मुखेडला उतरून माघारी फिरलो. कोणत्या तोंडानं येऊ, समजंना.

पार्वतीबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. मग हवालदाराकडं बघून विचारलं, तो फोन हाच का? कोर्टात उघडलेलं पोतं अजून पुन्हा सील व्हायचं होतं. त्या भल्या माणसानं इकडंतिकडं बघितलं आणि मला बाहेर काढलं. पार्वतीबाईंनी माझा रिसिव्हर उचलून कानाला लावला. वायर तुटून लोंबत होती. त्या तशाच ऐकत राहिल्या.

माझ्यात त्यांच्या मुलाचा शेवटचा शब्द आहे, आणि मी तो त्यांना देऊ शकलो नाही. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. मला मिलमध्ये परत न्या असं मी म्हणत नाही, खटला संपल्यावर खुशाल भंगारात घाला. पण कुणाचं शेवटचं बोलणं तुमच्या कानावर पडलं असेल, तर ते त्याच्या माणसांपर्यंत पोचवा. लाज वाटली, पाय जड झाले, तरी अर्ध्या वाटेत उतरू नका.

पार्वतीबाईंनी रिसिव्हर मांडीवर ठेवला. "समदे म्हनत्यात शहीद झाला," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू काय म्हनलं, ते कुनी सांगंना."

माणिकप्पा म्हणाले, "रेणुकाबाईला म्हनलं, 'माय, खाली बस.'"

"वरडून म्हनलं का?"

"न्हाई. हळू म्हनलं. घरच्या मानसाला म्हनावं तसं."

कोर्टाचा शिपाई पुढच्या खटल्याचा पुकारा करून गेला. मग पार्वतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माणिकप्पांकडं सरकून बसल्या.

"आनिक एकदा सांगा," त्या म्हणाल्या.

माणिकप्पांनी सांगितलं.